खिडकीतून दिसेल अशी जागा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मला सांभाळण्यासाठी थोरल्या बहिणीची शाळा सातवीत सुटली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्यामुळेच असेल, उचगावात आमच्या गल्लीतली नववीतली मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन उभी दिसली की मला अस्वस्थ व्हायचं. तिची आई सकाळच्या पाळीला कारखान्यात जायची. भावापायी मुलीचे शाळेचे निम्मे दिवस बुडायचे. आणि नापास झाली तर शाळा बंद, असं आईनं बजावलं होतं.

वार्षिक परीक्षा आली तेव्हा मी म्हटलं, "पेपर होईपर्यंत याला मी सांभाळते."

तिनं त्याला माझ्या हातात दिलं आणि हसायलाच लागली. "असं धरत्यात व्हय ताई? पोतं हाय का त्ये?"

इंग्रजीच्या पेपराला मी त्याला मुद्दाम शाळेपासून लांब, आमच्या घरी आणलं. रडला तरी तिला ऐकू जाऊ नये म्हणून. तो रडलाच नाही, चुरमुरे खात बसला. मला जरा बरं वाटत होतं, तेवढ्यात ती घामाघूम होऊन दारात. पेपर संपायला अजून तास होता.

"झाला पेपर?"

"दिऊन आले. ह्यो काय करत असंल, त्येच मनात येत हुतं. निबंध ऱ्हायला, पत्र ऱ्हायलं."

मी मदतच केली होती ना?

गणिताच्या आदल्या दिवशी ती स्वतःच आली. "उद्या ह्याला घिऊन शाळंच्या मैदानात बसा. माज्या खिडकीसमोर. मला दिसाय पायजे."

"आणि रडला तर?"

"रडंल की. पोरगं हाय."

शिपाईकाकांना विचारून मी बसले. अर्ध्या तासात तो खडीवर पडला आणि त्यानं भोकाड पसरलं. खिडकीत ती अर्धवट उभी राहिली. आता ही बाहेर येणार. मी त्याला उचललं, गुडघा झाडला, तिला दिसेल असं त्याला वर धरलं. तो रडतच होता. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि खाली बसली.

मी पुन्हा खिडकीकडे बघितलंच नाही. घंटा झाल्यावर पोरं बाहेर पडली. ती सगळ्यांत शेवटी आली.