डबीमागची तांबडी लाख

"जोड दिसला तरी चालेल, लपवू नये," असं पारोळ्याचे रमजानभाऊ नेहमी म्हणतात. जुन्या चांदीच्या कामात त्यांच्या हाताला तोड नाही. आमच्या गल्लीतला माणूस, म्हणून हे मी छाती काढून सांगतो.

पुष्पाबाईंचं माहेर याच गल्लीत. त्या धुळ्यात एका लहान चर्चची झाडलोट करतात. तिथे चांदीच्या डबीत एका संताच्या हाडाची गव्हाएवढी कपची आहे, शंभर वर्षांपूर्वी परदेशी फादरांनी आणलेली. सणाला लोक डबीला ओठ लावतात. यंदा सणाच्या तोंडावर डबीला पोचा पडला. फादर गावाला गेलेले. पुष्पाबाईंनी कुणाला न विचारता डबी भाऊंच्या दुकानात आणून दिली आणि त्या भावाकडे जेवायला गेल्या.

डबीच्या मागे तांबडी लाख होती. पोकळ दागिना चेपू नये म्हणून आपल्याकडे आत लाख भरतात. तीच ही, असं समजून भाऊंनी ती तापवून काढली. खाली फुलीसारखा बांधलेला रेशमी दोरा निघाला.

पुष्पाबाई आल्या आणि त्यांनी उघडा पडलेला दोरा पाहिला. "भाऊ, तो बिशपना शिक्का व्हता! त्याच्याबिगर हाड खरं की खोटं, कोण सांगी?"

भाऊ लाखेचे तुकडे गोळा करू लागले.

"नवा शिक्का मारी द्या," पुष्पाबाई हळूच म्हणाल्या. "कोणले समजस?"

"नही, बहीण."

"मंग एवढी कारागिरी काय चाटानी शे?"

"मी खोटा शिक्का मारा, ते आतलं हाडबी खोटं व्हई जाई."

फादर परतले त्याच दिवशी भाऊ एसटीनं धुळ्याला गेले. डबी आणि लाखेचे तुकडे फडक्यात बांधून नेले होते. "चूक मनी शे, मीच लाख काढी," एवढंच म्हणाले.

शिक्का नाही म्हणून सण डबीविना झाला. पुष्पाबाई रिकाम्या वेदीसमोर रडल्या.

महिन्यानं बिशपांच्या कचेरीतून एक वृद्ध फादर चर्चमध्ये आले; भाऊंनाही बोलावून घेतलं होतं. त्यांनी डबीसोबत आलेला जुना दाखल्याचा कागद काढला, दोऱ्याच्या गाठी मोजल्या, लाखेच्या एका तुकड्यावर उरलेली अर्धी खूण कागदावरच्या खुणेशी ताडून पाहिली. दोरा कापलेला नव्हता, म्हणजे आतल्या कपचीला कुणाचा हात लागला नव्हता. "नकली शिक्का असता तर ही डबी आम्ही कायमची बंद केली असती," ते म्हणाले. त्यांनी सगळ्यांसमोर नवा शिक्का मारला आणि कागदाखाली लिहिलं: पारोळ्याचे कारागीर रमजान यांच्याकडून शिक्का चुकून निघाला, त्यांनी स्वतः येऊन सांगितलं.

आमच्या गल्लीतल्या माणसाचं नाव एका संताच्या कागदात गेलं. एवढा मान आम्हाला कुणी दिला नव्हता.

"भाऊ, चहा ली जा," पुष्पाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"एसटी चुकी जाई, माय," म्हणत भाऊंनी चपला घातल्या आणि उन्हातून स्टँडची वाट धरली. डबीसाठी रांगेत उभे असलेले लोक वेदीकडे पाठ करून दारात आले. पुष्पाबाई सगळ्यांच्या पुढे, पायरीवर. भाऊ वळणाआड जाईपर्यंत कुणीच आत गेलं नाही.