पाढेबाईंची फेरपरीक्षा

गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं वडलांना दम लागला आणि ते घरी बसले. मग सोलापुरातल्या आमच्या एका खोलीत आई आणि मी विड्या वळायचो, रोज हजार. शाळा बुडायची. सातवीत मी गणितात नापास झाले. आई म्हणाली, "बरं झालं. आता नीट विड्या वळशील." जूनमध्ये फेरपरीक्षा होती, पण मांडीवरचं सूप खाली ठेवायला सवड मिळेल तेव्हा अभ्यास!

आमच्या गणिताच्या बाईंना सगळी गल्ली पाढेबाई म्हणायची. त्यांच्या बोटांना वर्षभर खडू आणि मे महिन्यात तंबाखू. सुट्टी लागली की बाकीचे मास्तर गावाला जात. या मात्र शाळा कायमची सुटायच्या बेतात असलेल्या एखाद्या मुलीच्या घरी जाऊन बसत.

याची सुरुवात आमच्या घरापासून झाली. मी नापास झाले त्या मे महिन्यात त्या आमच्याकडे आल्या. दारात चपला काढल्या आणि माझं सूप उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतलं. "हिच्या वाटच्या विड्या मी वळते. हिनं फक्त गणितं सोडवायची."

आई हबकली. "अवो बाई, तुमास्नी जमंल व्हय?"

"न जमायला काय झालं? पानात तंबाखू तर भरायची!"

संध्याकाळी कारखान्यात माल तपासणाऱ्यानं त्यातल्या निम्म्या विड्या छाटून टाकल्या. "कुणी वळल्या ह्या? पोटं सुटल्यात की!"

एरवी बाई दिसल्या की आई पदर सावरून बाजूला व्हायची. दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना समोर बसवलं. "बाई, रागावू नगा, पन तुमी नापास हाय."

"मग मलाही फेरपरीक्षा द्या की!"

मग आईची शाळा भरली. "चिमूट लई झाली. अंगठा दाबू नगा, फिरवा." माझा अपूर्णांक चुकला की बाई सुपातून मान वर न करता म्हणत, "पुन्हा." त्यांची विडी सैल झाली की आई म्हणे, "पुन्यांदा." कोपऱ्यात वडील खोकत खोकत हसायचे.

महिना संपता संपता बाईंची एकही विडी छाटली जाईना. आईनं ते गल्लीभर सांगितलं. जूनमध्ये मीही पास झाले. आईनं गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं."

कॉलेजचा शेवटचा निकाल लागला तोही मे महिन्यातच. आईला घेऊन बाईंकडे गेले, तर कुलूप. आई म्हणाली, "घरी कशाला गावतील? सुट्टी हाय की." दोन गल्ल्या सोडून एका मुलीच्या घरी बाई सूप घेऊन बसल्या होत्या. आईनं त्यातली एक विडी उचलली, बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाली, "पास."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि ही?"

"बी.ए. झाले, बाई. सेकंड क्लास."

हात न थांबवता त्या समोरच्या मुलीला म्हणाल्या, "ऐकलंस ना? घे पुढचं गणित."

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली.