बंडूभाऊ, बडग्या आणि चौकातला फ्लेक्स

ज्या माणसानं बंडूभाऊंचा उजवा हात हातोडीनं फोडायला लावला, त्यानंच आज चौकात त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलाय.

मधोमध त्याचा स्वतःचा फोटो. हात जोडलेले, डोळ्यांवर गॉगल, दाराएवढा.
खाली कोपऱ्यात बंडूभाऊ. एवढेसे.

काल दुपारी गेले ते. हार्ट अटॅक. चहाचा कप हातात होता म्हणे.

इतवारीच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी काम शिकले. बांबू, रद्दी, खळ आणि चिंध्या. त्यातून लग्नाच्या गेटचे हत्ती, शाळेच्या गॅदरिंगचे राक्षस, शोरूमचे मोर. आज माझा स्टुडिओ आहे, टीम आहे, लोक मला स्टेजवर बोलावून "तुमची जर्नी सांगा" म्हणतात.

जर्नी काय सांगू? लाथेपासून सुरू झाली.

माझा पहिला हत्ती पूर्ण झाला. मी बाजूला उभी राहून कौतुकाची वाट बघत होते. भाऊ चार पावलं मागे गेले, धावत आले आणि त्याला सणसणीत लाथ घातली. सोंड तुटली. पोटाला भोक.

"काहून मारलं भाऊ?" मला रडू फुटलं.

"मी नाही मारीन त लग्नातले पोट्टे मारतीन. पह्यले घरचा मार खाऊ दे त्याले."

आजही आमच्याकडे डिलिव्हरीआधी प्रत्येक पीसला लाथ बसते. क्लायंटच्या डोळ्यांसमोर.

दुसरा धडा. वर्षातून एक काम असं करायचं, ज्याला गिऱ्हाईकच नाही. भाऊंचं ते काम म्हणजे बडग्या.

नागपूरबाहेरच्या मित्रांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. सोबत बडगे असतात, म्हणजे जे जे लोकांना छळतं त्याचे पुतळे. गावभर शिव्या खात फिरतात आणि शेवटी जळतात.

मी काम शिकत होते तेव्हा एका वर्षी मोहल्ल्यातलं पोरांचं मैदान कोणीतरी पत्रे ठोकून बंद केलं. कोणी, ते सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं.

भाऊंनी बडग्या केला. मोठं पोट, गळ्यात सोन्याची चेन, गॉगल, आणि तोंडात घसरगुंडी.

मिरवणुकीच्या आदल्या दुपारी तो आला. साहेब म्हणू आपण त्याला.

"बंडू, इलेक्शनचं सगळं काम तुले देतो. गेट, स्टेज, सगळं. जिंदगीभर दुसरं गिऱ्हाईक पाहायची गरज नाही. याचं मुंडकं तेवढं बदलव."

भाऊ खळ ढवळत होते. मान वर केली नाही.

"सालभर लोकायचं ऐकतो मी. हा एक माहा आहे."

"विचार करून बोल."

"विचार करूनच बनवला."

साहेब बाहेर गेला. त्याची पोरं आत आली. हातात रॉड.

आधी हत्ती फोडले. मग मोर. मग भाऊंच्या बरगड्या. रंगाचे डबे भिंतींवर फुटले. मी एकाच्या दंडाला कडकडून चावले. त्यानं माझं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. माझ्या भुवईवरची खूण, जिच्याबद्दल तुम्ही विचारता, ती हीच.

दोघांनी भाऊंचा उजवा हात पाटावर दाबून धरला. तिसऱ्यानं हातोडी उचलली. भाऊंचीच.

बांबू फुटतो ना, तसा आवाज आला. तो अजून माझ्या कानात आहे.

आणि त्या अवस्थेत भाऊ माझ्यावर ओरडले,

"काय पाहून राहिली वं? मुंडकं घे अन् पळ!"

मी बडग्याचं मुंडकं उपटलं, पोटाशी धरलं आणि मागच्या भिंतीवरून उडी मारली. डोळ्यात रक्त येत होतं. पळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत आमच्या बडग्याला धड नव्हतं. बांबूवर नुसतं मुंडकं. लोकांनी गॉगल ओळखला. असा आरडाओरडा मी पुन्हा कधी ऐकला नाही. भाऊ हाताला प्लास्टर घालून कडेला उभे होते. मुंडकं पेटलं तेव्हा हसले. बरगड्या दुखल्या म्हणून शिवी दिली आणि पुन्हा हसले.

तक्रारीचं विचारू नका. "शिडीवरून पडून मार" असं लिहिलं गेलं. मैदानावर आज दुकानं आहेत.

भाऊंची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. मी म्हटलं, काळजी करू नका, आता मीच तुमचा हात.

केवढे भडकले!

"माहा हात गेला त तू कायले हात बनून राहिली? तुहं दुकान टाक. तुह्या नावाची पाटी लाव."

पाटी लावली त्या दिवशी आले. डाव्या हातानं स्टूल ओढलं, वर चढले आणि पाटीलाही एक लाथ हाणली.

पाटी टिकली. मग पेढा खाल्ला.

मला ते फार आवडायचे. हे त्यांना कधी म्हणता आलं नाही, म्हटलं असतं तर शिवी खाल्ली असती.

आज भाऊंना पोचवून घाटावरून परतताना तो फ्लेक्स दिसला. अंगाची लाही लाही झाली.

कटर माझ्या बॅगेत असतोच. चौकातल्या चहावाल्या काकांना शिडी मागितली.

"काय करून राहिली वं पोरी? त्याचे पोट्टे येतीन."

"येऊ द्या. तुम्ही शिडी धरा काका."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग गॅस बंद केला आणि शिडी धरली.

भर दुपारी, भर चौकात. कापताना हात थांबवायचा नाही, हे भाऊंनीच शिकवलेलं. भाऊंचा फोटो कापून घेतला, खालच्या नावासकट. बाकी कशाला बोटही लावलं नाही.

ज्याला विचारायचंय त्यानं स्टुडिओत यावं. पत्ता पाटीवर आहे. नाव माझंच आहे.

भाऊ, तुम्हाला तिथून घेऊन आले. आता निवांत जा.

चौकातल्या फ्लेक्सवर आता साहेब एकटेच आहेत. हात जोडून, गॉगल लावून. आणि त्यांच्या फोटोखाली मोठ्या लाल अक्षरांत तेवढंच उरलंय,

भावपूर्ण श्रद्धांजली.