उन्हाला सरावलेली माणसं

"मूळ गाव कुठलं?" काकांनी विचारलं.

अमेरिकेत, प्लेनोतल्या त्यांच्या घरी मराठी मंडळींचं जेवण होतं. एसी एवढा की काकू शाल पांघरून वाढत होत्या. मी गाव सांगितलं. मग आडनाव. मग, "गावात कुठल्या बाजूला?" तेही सांगितलं. काकांचं समाधान झालं. म्हणाले, "हां, मग तुला हीटवरचा रिसर्च सोपाच. तुम्हा लोकांना उन्हाची सवयच असते."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते. माझी आई रस्त्याच्या कामावर डांबर टाकायची. ऊन लागून कामावरच कोसळली, उठली नाही. आणि मी पुरणपोळीवर तूप घेत दात काढत होतो.

काका एका बांधकाम कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. उन्हात राबणाऱ्यांना किती धोका आहे, हे काढणारं माझं मॉडेल त्यांच्याच कंपनीच्या ग्रँटवर उभं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उघडलं. त्यात एक ओळ होती. कामगार काही दिवसांत उष्णतेला सरावतात, म्हणून धोका कमी धरावा. शरीर थोडंफार सरावतं, हे खरंच आहे. पण मी ते सरसकट सगळ्यांना लावलं होतं. काल कामावर आलेल्यालाही. छपरावर चढणाऱ्या एकाही मेक्सिकन माणसाला न विचारता. काका जेवताना बोलले ते मी वर्षभरापूर्वीच रिसर्च पेपरात छापलं होतं.

थू माझ्या शिक्षणावर.

ओळ काढली. मॉडेल दाखवतं तो शहराचा अख्खा नकाशा धोक्याच्या रंगात लाल झाला.

शहराच्या कामांवर दुपारची विश्रांती सक्तीची करायची की नाही, यावर महापालिकेची जाहीर सभा होती. नको म्हणायला कंपनीला माझा जुना पेपर हवा होता. काकांचा फोन आला. "तू फक्त प्रेझेंट कर. इमोशनल होऊ नकोस यार. व्हिसा ह्याच ग्रँटवर आहे ना तुझा?"

सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं. मी माइकवर गेलो. सांगितलं, हा पेपर माझा आहे आणि तो चुकीचा आहे. मग आईचं सांगितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

बाहेर काकांनी गाठलं. "आपलीच माणसं पाठीत सुरा खुपसतात."

"आपली? कधीपासून?" मी विचारलं.

ग्रँट बंद झाली. विद्यापीठातले विभागप्रमुख म्हणतात, कंपनीला माफीचं पत्र दे, सांभाळून घेऊ. लिहिणार नाही. पेपर मागे घेतोय. व्हिसा जायचा तर जाऊ दे.

मंगळवारी पुन्हा सभा आहे. छपरावर काम करणारे सातजण येणार आहेत. या वेळी माइकवर ते बोलतील. मी आकडे घेऊन त्यांच्या मागे उभा राहणार आहे, आणि तिथून मला कोणी हलवून दाखवावं.