चिठ्ठीवर पत्ता नाही

बाबांचं ठाकुर्लीत मेडिकल होतं आणि अख्ख्या गल्लीत ते खडूस म्हणून प्रसिद्ध होते. झोपेची गोळी मागायला सख्खी आत्या आली तरी त्यांचा पहिला प्रश्न, "चिठ्ठी?" आत्या फणकाऱ्याने निघून जायची. औषधांचे कायदे त्यांनी मला जेवता जेवता शिकवले. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठी दाखवा, एच-वन म्हणजे वहीत नाव-पत्ताही लिहा, एक्स म्हणजे चिठ्ठीच्या दोन प्रती आणि औषध कुलपात.

मग कॅन्सर त्यांच्या हाडांत पोचला. त्यांना धड बसवेना. ठाण्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनची गोळी लिहून दिली, तसे बाबा खुर्चीतच ताठ झाले.

"अफूपासून बनते ती. या वयात मला गर्दुल्ला करताय?"

"काका, दुखण्यावर मापात घेतली तर औषधच आहे. कायद्यानेच सोय ठेवलीय."

बाबांनी चिठ्ठी टेबलावर परत सरकवली. मला असा राग आला की चिठ्ठी त्यांच्याच हातात कोंबली आणि व्हीलचेअर तिथल्याच औषधांच्या काउंटरकडे ढकलली. मॉर्फिन काही नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यता असलेल्या रुग्णालयातूनच घ्यावं लागतं.

काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "काका, यावर तुमचा पत्ता नाहीये. डॉक्टरांकडून लिहून आणा."

"अगं, त्या समोरच बसल्यात!" मी म्हटलं.

"ताई, नाही चालत."

मी भांडायच्या तयारीत होते. बाबांचा चेहरा मात्र उजळला, कितीतरी दिवसांनी. "बरोबर बोलतेय ती. चल, गाडी फिरव."

पत्ता लिहून परत आलो, तर बाबांनी तिची परीक्षाच घेतली. वही कुठेय, कपाटाची चावी कोणाकडे असते? तिने न चिडता सगळं सांगितलं.

"इथली गोळी घ्यायला हरकत नाही," बाबा मला म्हणाले.

त्याच आठवड्यात ते मांडी घालून जेवायला बसले आणि आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरले. मला इतका आनंद झाला की मीठ आणायला मी उठलेच नाही.

असे चार महिने मिळाले. ते गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत द्यायला मीच गेले. त्या मुलीने गोळ्या मोजल्या आणि वहीत लिहिता लिहिता सवयीने विचारलं, "काकांचा पत्ता तोच ना?"

मी "तोच" म्हणाले आणि रडत रडत पिनकोडही सांगितला. अर्धवट पत्ता त्यांना चालला नसता.