सहा दहाची मुक्कामी गाडी

अकरा मार्च, मंगळवार, सकाळचे सहा वाजून आठ मिनिटे. भोकर तालुक्यातील एका गावात मारुतीच्या देवळापुढे नांदेडची गाडी इंजिन सुरू ठेवून उभी होती. गावातली कॉलेजची सगळी मुले-मुली आत चढली होती. एकच यायची राहिली होती.

"साहेब, थांबू जरा," चालक अन्वरभाई म्हणाले. "अश्विनी न्हाई आली अजून. तिची आज प्रॅक्टिकलची परीक्षा हाय."

"गाडीची वेळ काय आहे?"

"सहा धा."

"मग दोन मिनिटे आहेत."

ती दोन मिनिटे संपली. वाहक माझ्याकडे पाहत राहिला. त्याचा हात दोरीकडे जाईना. मी उठलो आणि दोरी दोनदा ओढली. याला आमच्याकडे डबल बेल म्हणतात. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. डबल बेल झाल्यावर गाडी हलवावीच लागते. अन्वरभाईंनी ती हलवली.

देवळाच्या वळणावर मागच्या काचेतून ती दिसली. पाठीवर सॅक, हातात पिशवी. धावत होती.

"काका, ती बघा येऊन राहिली," एक मुलगी म्हणाली.

मी पाहिले होते. मी गाडी थांबवली नाही.

मी तेव्हा नांदेडच्या एका डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. कोणती गाडी किती वाजता, कोणत्या जोडीबरोबर सुटेल हे पाहणे, हे माझे काम. जोडी म्हणजे चालक आणि वाहक. निवृत्ती जवळ आली होती. घर लातूरला होते. पत्नी गेल्यापासून त्याला कुलूप होते आणि मी नांदेडला एका खोलीत राहत होतो. रोज लातूरच्या गाड्या सोडत होतो. त्यांत बसण्याचे कारण नव्हते.

मुक्कामी गाडी संध्याकाळी गावी जाते, रात्री तिथेच उभी राहते आणि सकाळची पहिली फेरी घेऊन शहरात येते. जोडी ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपते. जेवणाची सोय ज्याची त्याने करावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात ती गाव करते. घरोघरी पाळी लावलेली असते: रात्रीचे जेवण आणि सकाळी निघताना दुपारचा डबा. ही पाळी कोणी कागदावर लिहीत नाही आणि कोणी चुकवतही नाही. ऐन वेळी पाळी दुसऱ्यावर ढकलणे म्हणजे आपल्या घरात आज पीठ नाही, असे गावाला सांगण्यासारखे समजतात.

ज्या घरची भाकरी खाल्ली, त्या घरचे पोर मागे टाकून गाडी काढणे चालकाला जड जाते. म्हणून गाडी थांबते. हॉर्न वाजवून थांबते. गाडी थांबते हे कळले की मुले तेवढी उशिरा उठतात, आणि मग गाडी आणखी थोडी थांबते. हॉर्न ऐकून आंघोळीला जाणारा एक महाभागही त्या गावात होता.

ही गाडी आठ वाजता नांदेडला येऊन पुढे लातूरला जायची. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळीकडे लोक तिची वाट पाहत उभे असत. ते ओरडत. शेवटी डेपो मॅनेजरने मला बोलावले. वयाने ते माझ्या मुलाएवढे होते.

"बिराजदार, तो मुक्काम बंद करू. सकाळी गाडी इथूनच लातूरला सोडू."

"त्या गावातल्या मुलींचे कॉलेज सुटेल, साहेब."

"जीपने येतील की."

"जीपने कोणी पाठवणार नाही. तिथले लोक मुली पाठवतात ते या गाडीच्या भरवशावर."

"मग वेळेवर आणा. किती दिवस ऐकायचं मी? उद्या वेळेवर आली तर मुक्काम राहील. नाही आली तर परवापासून बंद. तुम्ही स्वतः जा."

सोमवारी संध्याकाळी मी त्याच गाडीने गावात गेलो. मुलांना देवळाच्या पारावर बोलावले. सांगायचे होते ते एका वाक्यात सांगितले: गाडी उद्या सहा दहाला सुटेल, कोणासाठीही थांबणार नाही.

"कोणती सहा दहा, साहेब?" एकाने विचारले. "आमची का तुमची?"

सगळे हसले. याचे नाव कैलास. वर उल्लेख केलेला महाभाग तो हाच.

"तू कितवीला आहेस?"

"बी.कॉम., सेकंड इयर."

"सकाळी अलार्म किती वाजताचा लावतोस?"

"पाचचा."

"आणि उठतोस?"

"चाचाच्या दुसऱ्या हॉर्नला."

"त्याच्या मोबाइलात टाइम मॅनेजमेंटचं ॲप हाय, काका," मागून एक मुलगी म्हणाली. "रोज शाबासकी देतंय त्याला."

"पैलं तू तुझी वेणी घरी घालून ये," कैलास म्हणाला. "रोज माझ्या सीटवर केसं पडतेत."

मी त्यांना थांबवले आणि मुक्काम बंद होण्याची गोष्ट सांगितली. मग कोणी हसले नाही. मुलींनी एकमेकींकडे पाहिले. कडेला एक मुलगी बसली होती, तीच अश्विनी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, "काका, उद्यापासूनच का? परवापासून केलं तर?"

"का?"

"उद्या घरी जरा काम हाय."

"काम सगळ्यांनाच असते."

तिनेच नंतर सगळ्यांना दोनदा बजावले, सहाला इथं पायजे म्हणून.

रात्री जोडी जेवायला गावात गेली. मलाही बोलावणे आले. मी नांदेडहून स्वतःचा डबा नेला होता. तपासणीला गेलेल्या माणसाने गावचे खाऊ नये, असे माझे मत आहे. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून मी एकटा जेवलो. जोडी कोणाच्या घरी गेली, हे विचारण्याचे कारण नव्हते.

मंगळवारची गाडी भरलेली होती. भोकरपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. दोन मुली आणि कैलास उभे होते. मी एकदा हाताने खूण केली. ते बसले नाहीत.

भोकरला गाडी काही मिनिटे थांबते. मी अन्वरभाईंना चहाला बोलावले.

"नको, साहेब."

"का?"

"आज आमचा डबा तिच्याच घरी हुता. अश्विनीच्या. माय तिची चाकूरला गेली, थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला. राती हिनंच जेवाय वाढलं. मी म्हणलं, बेटा, सकाळचं ऱ्हाऊ दे, तुझी परीक्षा हाय. तर म्हणली, पाळी हाय चाचा, ऱ्हाऊ कसं द्यायचं."

"हे तुम्ही देवळापुढे का नाही सांगितले?"

"सांगून तुमी थांबला असता का?"

मी विचार केला. "नाही," म्हणालो.

"मंग," ते म्हणाले आणि गाडीत चढले.

गाडी आठला दोन मिनिटे कमी असताना नांदेडला आली आणि लातूरला वेळेवर सुटली. मॅनेजर केबिनबाहेर येऊन उभे होते.

"बघा, झालं की नाही? मुक्काम राहू द्या."

"बरे," मी म्हणालो.

परीक्षा नऊला होती. अश्विनी साडेदहाच्या सुमारास आली. फाट्यापर्यंत पायी, तिथून जीपने भोकर, तिथून दुसऱ्या गाडीने नांदेड. कॉलेजला न जाता ती आधी कंट्रोल रूममध्ये आली. पिशवीतून डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"अन्वरचाचांचा हाय. ऱ्हायला होता."

"ते लातूरला गेले."

"मग आल्यावर द्या." ती उभीच होती. "काका, मला लेटचा दाखला द्या."

हा दाखला म्हणजे गाडी उशिरा आल्याची आमच्या शिक्क्याची चिठ्ठी. ती दाखवली की कॉलेज उशिरा आलेल्या मुलाला आत घेते. कंट्रोल रूममध्ये रोज सकाळी तिच्यासाठी रांग लागत असे.

"आज गाडी वेळेवर आली."

"ठाऊक हाय मला. पण त्याच्याबिगर आत घेत न्हाईत."

"खोटा दाखला मिळणार नाही."

"कैलासला तर किती वेळा दिला तुमी."

"तेव्हा गाडी उशिरा आली होती."

"कैलासमुळंच आली होती ना?"

तिचे म्हणणे बरोबर होते. दाखल्यात गाडीचा उशीर लिहितात. तो कोणामुळे झाला, हे लिहायला त्यात जागा नसते. मी सहायकाला माझ्या खुर्चीवर बसवले.

"चल," मी म्हणालो.

"कुठं?"

"कॉलेजला."

रिक्षात तिच्या बोटांच्या पेरांना पीठ वाळलेले होते. ती ते नखाने काढत होती.

रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडम प्रयोगशाळेच्या दारातच भेटल्या. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक येतो. तो त्या दिवशी लातूरहून आला होता आणि दुपारनंतर परत जाणार होता. त्यानंतर परीक्षा नव्हती. गैरहजर म्हणजे विषय गेला. गावाकडे विषय गेला म्हणजे पुढचे शिक्षण गेले आणि लग्नाची बोलणी सुरू.

"दाखला कुठे आहे?" मॅडमनी विचारले.

"दाखला नाही. गाडी वेळेवर आली."

"मग ही मागे कशी राहिली?"

"मी ठेवली."

त्यांनी माझा खाकी शर्ट पाहिला. "तुम्ही?"

"हो. ही आमच्या चालक-वाहकाचा डबा करत होती. तेवढ्यात मी गाडी काढली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हव्या असतील तर सही करून देतो."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "अगं, परीक्षेच्या दिवशी डबे करत बसलीस? टाइम टेबल नावाचं काही असतं की नाही?"

"पाळी हुती आमच्या घरची, मॅडम."

"मग बदलायची."

ज्यांच्या घरी पाळी येत नाही, त्यांना ते समजावता येत नाही.

मॅडम आत जाऊन परीक्षकांशी बोलून आल्या. "दुपारच्या बॅचला एक जागा आहे. बस तिथं. आणि आधी हात धू."

ती आत गेली. ती आभार मानेल असे मला वाटले नव्हते. तिने मानलेही नाहीत.

मी परत येऊन आदेश काढला: मुक्कामी जाणारी कोणतीही जोडी गावातून जेवण किंवा डबा घेणार नाही. तेवढे माझ्या अधिकारात होते. अन्वरभाई दुपारी लातूरहून आले. त्यांना डबा दिला आणि आदेशही दाखवला. त्यांनी डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी होत्या, मेथी होती, शेंगदाण्याची चटणी होती.

"या, साहेब."

"माझे झाले."

"गावाला काय सांगू मी?"

"नियम आहे म्हणून सांगा."

"नियम तर पैल्यापासून हुता, साहेब," ते म्हणाले आणि जेवू लागले.

पुढचे थोडक्यात सांगतो. गाडी त्यानंतर वेळेवर येत राहिली. कैलासची दोनदा चुकली; तिसऱ्यांदा तो सर्वांआधी येऊन बसला. मुली पहिल्या तासाला वर्गात दिसू लागल्या. कंट्रोल रूमपुढची रांग संपली. अश्विनी पास झाली, गुण बेताचे पडले. ती परीक्षेपुरती त्या गाडीने येत राहिली. समोरून जाताना तिने मला कधी काका म्हटले नाही.

मे महिन्यात अन्वरभाईंनी ड्यूटी बदलून मागितली. मी कारण विचारले.

"काय न्हाई, साहेब. पयले संध्याकाळी गाडी लागली की लोकं येऊन बसायचे. कुणाच्या पोराचं, कुणाच्या म्हशीचं, बोलत बसायचे. आता कुणी येत न्हाई. जेवाय बोलवायचं न्हाई तर यायचं कशाला, असं झालंय त्यांना. गाडीत बसून खातो अन् झोपतो. येळेवर निघतो."

मी ड्यूटी बदलून दिली. आदेश बदलला नाही. आजही बदलणार नाही.

आता मी लातूरच्या घरी राहतो. घरात एकटाच असतो. सगळी कामे वेळेवर होतात.

मध्यंतरी एका कॉलेजने मला वेळेच्या नियोजनावर बोलायला बोलावले होते. मी एवढेच सांगितले की थांबणारी गाडी कोणाला शिस्त लावत नाही. वेळापत्रक करण्याआधी आपला वेळ कोणाकोणाच्या हातात आहे ते पाहावे, आणि मुलींनी तर ते आधी पाहावे. वेळेवर पोचणाऱ्याला सोबत मिळेलच असे नाही, तरी पोचावे. आयोजकांनी अर्धा तास ठेवला होता. माझे बोलणे पाच मिनिटांत संपले. बाकीच्या वेळात त्यांनी चहा दिला.

त्या मंगळवारी संध्याकाळी मात्र एक काम उरले होते. मुक्कामी जाणारी दुसरी जोडी तयार झाली होती. त्यांना आदेश ऐकवला. आजच्या आज तेल, पीठ, स्टोव्ह ते आणणार कुठून? मी कॅन्टीनमध्ये गेलो आणि दोघांचे दोन वेळचे बांधायला सांगितले.

"रातीपस्तोर गार होईल, साहेब," कॅन्टीनवाला म्हणाला.

"होऊ द्या."

भाकरी, पिठले आणि कांदा कागदात गुंडाळून त्याने दोन पुडकी दिली. मी ती चालकाच्या सीटमागे सांडणार नाहीत अशी ठेवली, खाली उतरलो आणि गाडी वेळेवर सोडली.