आवाज बंद केलेला शेवटचा भाग

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी घड्याळाकडे बघते. आजही बघते. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही... मीही हसले असते, पण मी त्या खोलीत होते.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. नाशिकमध्ये टीव्ही अजून नवलाईचा होता. अंबडच्या कारखान्यांजवळ आमचं बैठं घर – पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, मध्ये दार. मी आठवीत होते. शुक्रवारी संध्याकाळी एक कौटुंबिक विनोदी मालिका लागायची, ब्लॅक अँड व्हाइट. त्यातल्या आजोबांसाठी गल्लीतली पंधरा-वीस माणसं पाय धुऊन आमच्या हॉलमध्ये येऊन बसायची.

काकू तेवढी नसायची. काका सेकंड शिफ्टला. काकू नांदगावकडच्या खेड्यातली, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. मालिका संपली की पोळ्या गरम हव्यात, म्हणून आई तिला नेमकी त्याच वेळी कणीक घेऊन बसवायची. वर स्टोव्हचा आवाज येतो म्हणून दार बंद. दाराआडून कानावर पडेल तेवढीच मालिका तिच्या वाट्याला.

"आजोबा दिसतात कसे गं?" तिने मला एकदा विचारलं. "बोलतात अगदी माझ्या अण्णांसारखे." अण्णा म्हणजे तिचे वडील. लग्नाआधीच वारलेले.

"टकले आहेत," म्हणून मी पळाले.

मग तिने आईला विचारलं. "ताई, एकदा बसू का मी पण? लय इच्छा हाय."

"शेवटच्या भागाला बस," आई म्हणाली.

शेवटच्या आधीच्या शुक्रवारी मालिका सुरू व्हायच्या आतच लाइट गेले. सगळी गल्ली अंधारात. माणसं चडफडत घरी गेली. आणि स्वयंपाकघरात काकू हसायला लागली... थांबेचना.

आई कंदील घेऊन आत गेली. "दात काढायला काय झालं?"

"आजोबांनी रेडिओत बर्फी लपवली, ताई! पोरगा रेडिओ उघडतो, तर आत मुंग्याच मुंग्या!"

"लाइट नाहीत, आणि तुला कुठून ऐकू आलं?"

"नाय माहीत. आलं."

दुसऱ्या दिवशी बाबांच्या ऑफिसातल्या एकाने तो भाग सांगितला. तो पंचवटीत राहायचा, तिकडे लाइट होते. रेडिओ, बर्फी, मुंग्या – सगळं तेच. आमच्या गल्लीत दुसरा टीव्ही नव्हता, बॅटरीवरचा तर नाहीच. मी स्वतः घरोघर विचारून आले.

खरं तर आम्ही घाबरायला हवं होतं. आई म्हणाली, "मग हिला टीव्ही लागतोच कशाला?" सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने.

शेवटच्या भागाला काकू चांगली साडी नेसून, वेणी घालून आली. आईने गल्लीला आधीच सांगून ठेवलं होतं. तिने काकूला आत पाठवलं, दार लावलं आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

"हं सुमन, सांग आता काय चाललंय!"

दारामागून काकू सांगायला लागली. पडद्यावर सुनेने तोंड उघडलं की काकूचा आवाज यायचा – "अगं बाई, चहात मीठ पडलं!" शब्द न् शब्द ओठांशी जुळत होता. लोक टाळ्या पिटत होते. तिला बाहेर बोलवा, असं कुणीही म्हणालं नाही. मीही नाही.

शेवटी आजोबा खुर्चीत बसले आणि थेट आमच्याकडे बघून बोलायला लागले. काकू गप्प.

"काय गं, बोल की!" आई म्हणाली.

"ते तुम्हालाच बोलतायत, ताई. मी नाय सांगायची."

बाबांनी घाईने बटण फिरवलं, तोवर नुसतं संगीत उरलं होतं.

शाळेत मैत्रिणींनी मला सांगितलं – 'चुकलंमाकलं असेल तर माफ करा' म्हणून आजोबांनी प्रेक्षकांचा निरोप घेतला, एवढंच. मी ते आईला सांगितलं. "ते त्यांच्या घरी म्हणाले," आई म्हणाली. "आपल्याकडे आवाज बंद होता."

पुढच्या शुक्रवारी आईने टीव्हीसमोर काकूसाठी खुर्ची ठेवली. त्या वेळेला आता खतांवरचा कार्यक्रम लागला होता. "पोळ्या राहिल्यात," म्हणून काकू आत गेली.

आई तिला वर्षानुवर्षं विचारत राहिली. आधी दरडावून, मग गोड बोलून, मग रडून. काका-काकू वेगळे राहायला गेले तरी थांबली नाही. शेवटच्या आजारपणात तिने मलाच पाठवलं.

"खरं सांगू?" काकू म्हणाली. "तिथं मला कायच ऐकू आलं नाय. आधीचं सगळं आलं, अन् आजोबा बोलायला लागले की बंद झालं. त्यांचंच ऐकायचं होतं मला. मग म्हटलं, आता ताईंनाच घाबरू दे."

"आईला सांगू?"

"नको."

अंधारात काकूला मालिका कशी ऐकू आली, याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. दुसरं उत्तर माझ्याकडे होतं. घरी आल्यावर आईने उठून बसायचा प्रयत्न केला. "काय म्हणाली?"

"सांगत नाही म्हणाली," मी म्हटलं, आणि तिला औषध दिलं.

आई त्यानंतर तीन आठवडे होती.